जिल्हा परिषदेच्या शाळा आणि नवं शैक्षणिक वर्ष: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात जिल्हे ३६ आणि जिल्हा परिषदा ३४. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही. १ मे १९६२ रोजी या संस्था अस्तित्वात आल्या, आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा तेव्हापासून त्यांच्याकडे आहेत. शाळेची घंटा जूनमध्ये वाजते, पण तिची तयारी एप्रिलमध्ये सुरू होते. जी गोष्ट गावाने मे महिन्यात मागितली नाही, ती जूनमध्ये शाळेत नसते. म्हणून खालची उत्तरं सुट्टीतच वाचावीत, आणि ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना वाचून दाखवावीत.

शाळा नक्की कधी उघडते?

बहुतेक जिल्ह्यांत १५ जूनच्या आसपास. रविवार आला तर एक दिवस पुढे. विदर्भात त्या वेळी उन्हाचा कडाका कायम असतो, म्हणून तिथे आठवडा ते पंधरवडा उशीर होतो. तुमच्या जिल्ह्याची तारीख शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्या परिपत्रकात असते. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रावर विसंबू नका, वर्गशिक्षकांना एक फोन करा. शिक्षक मुलांच्या आधी शाळेत येतात. शाळा उघडायच्या आदल्या दोन-तीन दिवसांत तुम्हीही चक्कर मारलीत तर काय राहिलंय ते डोळ्यांनी दिसेल.

पहिलीत घालायला मुलाचं वय किती हवं?

त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असली पाहिजेत. म्हणजे जूनमध्ये साडेपाच वर्षांचं असलेलं मूलही बसतं. पाच वर्षांच्या मुलाला "हुशार आहे हो, घ्या" म्हणून पुढे ढकलू नका. अंगणवाडीत आणखी एक वर्ष खेळलं-बागडलं तर त्याचं काही बिघडत नाही. लवकर घातलेलं मूल मात्र दुसरी-तिसरीत अडखळताना हमखास दिसतं.

जन्माचा दाखला नाही. टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) मिळत नाही. आता?

मूल शाळेत घेऊन या. याच एका प्रश्नावर सगळ्यात जास्त मुलं महिना-महिना घरी बसतात आणि याच प्रश्नावर कायदा सगळ्यात स्पष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. जन्मदाखला नसेल तर दवाखान्यातली किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतली नोंद चालते, अंगणवाडीतली नोंद चालते, आणि यातलं काहीच नसेल तर आई-वडिलांनी स्वतः लिहून दिलेलं घोषणापत्रही चालते. दाखला नंतर ग्रामपंचायतीतून काढता येतो. पण तो जरूर काढा, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरला (प्रवेशाच्या नोंदवहीला) एकदा लागलेली जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग दहावीनंतर बदलायला फार हेलपाटे पडतात. प्रवेशाच्या दिवशी नोंद होत असताना शेजारी उभं राहून मुलाचं, वडिलांचं, आईचं नाव एकेक अक्षर वाचून घ्यावं. पाच मिनिटं लागतात.

टीसीचंही तसंच. जुन्या शाळेने दाखला द्यायला वेळ लावला तरी नव्या शाळेला आठवीपर्यंतचं मूल अडवता येत नाही. उलट दाखला देण्यात दिरंगाई करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. खासगी शाळेची फी थकली म्हणून टीसी अडवून ठेवलेला असेल तरी मूल वर्गात बसवा. दाखल्याचा पत्रव्यवहार दोन शाळा आपसात करतील.

मूल नऊ वर्षांचं आहे आणि कधी शाळेतच गेलेलं नाही, तर त्याला पहिलीत बसवायचं नाही. त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. तेही त्याचा हक्क म्हणून.

आधार कार्डाशिवाय प्रवेश मिळतो का?

मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं आहे. तरीही गुरुजी आधारसाठी तुमच्या मागे लागतात, त्याचं कारण समजून घ्या. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संच मान्यतेत ठरतं, आणि त्या हिशेबात आधार जुळलेली मुलं धरली जातात. दहा मुलांचं आधार जुळलं नाही तर एखाद्या शाळेचा एक शिक्षक जाऊ शकतो. तेव्हा प्रवेश आधी घ्या आणि आधारचं काम सवडीने का होईना पुरं करा. नाव, जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी तंतोतंत जुळायला हवी.

एप्रिलमध्ये शाळेत जो मेळावा भरतो तो कशासाठी?

शाळा पूर्वतयारी अभियानाचा तो मेळावा. "पहिले पाऊल" या नावाने २०२२ पासून राज्यभर होतो: पहिला एप्रिलमध्ये, दुसरा शाळा उघडताना जूनमध्ये. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी सात टेबलं मांडलेली असतात. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांशी बोलणं. मूल दोरीवरून चालतं, चित्र पाहून गोष्ट सांगतं, लहान-मोठं ओळखतं, आपलं नाव सांगतं. ही परीक्षा नाही, यावर कुणालाही नापास करत नाहीत. मुलाला काय येतं आणि कुठे मदत हवी हे आईला कळावं, एवढाच हेतू.

पुढचं काम घरी. वस्तीतल्या आठ-दहा आयांचा माता गट करतात आणि मोबाइलवर दर आठवड्याला घरगुती खेळ पाठवतात: डाळी-कडधान्यं निवडून वेगळी करणं, वाट्या लहान-मोठ्या क्रमाने लावणं, दारातल्या रांगोळीच्या ठिपक्यांवर उड्या. ज्या आईला स्वतःला लिहिता-वाचता येत नाही तीही हे सगळं करून घेऊ शकते, आणि करून घेते. सरकारी उपक्रमांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा. पहिल्या दिवशी रडणारी मुलं त्यामुळे कमी झाली आहेत. शाळा, बाई, फळा हे त्यांनी आधीच पाहिलेलं असतं.

एप्रिलचा मेळावा चुकला असेल तर जूनचा चुकवू नका. शाळा सुरू झाल्यावर पहिलीसाठी पहिले बारा आठवडे "विद्याप्रवेश" चालतं, त्यात खेळ आणि गोष्टीच जास्त असतात. "अजून बाराखडी का नाही शिकवली?" म्हणून जुलैमध्ये बाईंना धारेवर धरू नका.

पुस्तकं पहिल्याच दिवशी मिळतील का?

मिळायला हवीत. पहिली ते आठवीची पुस्तकं मोफत आहेत. बालभारतीच्या भांडारातून ती तालुक्याला, तिथून केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या गटाला केंद्र म्हणतात, त्यातली मुख्य शाळा) आणि मग शाळेत येतात. मागणी मागच्या पटसंख्येवरून केलेली असते, म्हणून ज्या शाळेचा पट यंदा वाढला तिथेच दोन-चार संच कमी पडतात. मुख्याध्यापकांनी वाढीव मागणी केंद्रप्रमुखांकडे नोंदवली आहे का ते विचारा. तोवर वरच्या वर्गात गेलेल्या मुलांची जुनी पुस्तकं वापरा, किंवा ई-बालभारतीवरून मोबाइलवर घ्या.

पुस्तकांत मध्ये-मध्ये कोरी पानं आणि वर्षाचे चार भाग, हा प्रयोग २०२३ साली आला होता. आता तो बंद झाला आहे. वह्या वेगळ्या घ्याव्या लागतील. पहिलीचं पुस्तक २०२५-२६ पासून नव्या अभ्यासक्रमाचं आहे, त्यामुळे मोठ्या भावंडाचं त्याआधीचं जुनं पुस्तक पहिलीला चालणार नाही.

गणवेश कोण देतो, कधी देतो?

वर्षाला दोन जोड, मोफत. समग्र शिक्षा योजनेतून दोन गणवेशांसाठी मिळून विद्यार्थ्यामागे ६०० रुपये धरलेले आहेत. आधी सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दारिद्र्यरेषेखालचे मुलगे यांनाच मिळायचे. २०२३ पासून राहिलेल्या मुलग्यांनाही राज्य सरकार देतं. शिवाय एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे.

२०२४-२५ मध्ये राज्यभर एकाच रंगाचा गणवेश ठरला आणि कापड वरून घेऊन शिलाई बचत गटांकडे दिली गेली. मापं चुकली, वाटप रखडलं, कित्येक शाळांतली मुलं स्वातंत्र्यदिनालाही जुन्याच कपड्यांत झेंड्यापुढे उभी होती. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून खरेदी पुन्हा पालक आणि मुख्याध्यापक असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. हे योग्यच झालं. गावचा शिंपी मुलाला समोर उभं करून माप घेतो, उसवलं तर दुसऱ्या दिवशी टाका घालून देतो. पण आता जबाबदारीही समितीचीच: मे महिन्यात बैठक, कापडाचा नमुना पाहून ठराव आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मापं. गणवेश नाही म्हणून कुणाचंही मूल वर्गाबाहेर उभं करता येत नाही.

वर्गखोली गळते, भिंतीला तडे गेलेत. पावसाच्या आत काय करता येईल?

आधी एक काम आजच: त्या खोलीत मुलं बसणार नाहीत हे पक्कं करा. बाकीचं त्यानंतर.

किरकोळ दुरुस्ती, म्हणजे कौलं फेरणं, पत्र्याचे हूक, खिडकीची तावदानं, वायरिंग, ही संयुक्त शाळा अनुदानातून होते. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार आणि त्यापुढे १,००० पर्यंत ७५ हजार रुपये असा त्याचा हिशेब. यातली किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्चायची असते. लहान शाळेला मिळणाऱ्या दहा हजारांत खडू, फिनेल, विजेचं बिल आणि कौलं हे सगळं बसत नाही. हे इथे लिहायलाच हवं, कारण पालकांना वाटतं शाळेला भरपूर पैसा येतो आणि गुरुजी खर्च करत नाहीत. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी असतो. शाळेचं काम गावच्या आराखड्यात घालून घ्या, त्यासाठी ग्रामसभेला हजर राहा.

खोलीच धोकादायक असेल तर तिचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे ती वापरातून काढून पाडायची मंजुरी घ्यावी लागते. समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांची पाहणी आणि मग जिल्हा परिषदेची मंजुरी, अशी ती वाट आहे. नवीन खोलीचा पैसा बहुधा जिल्हा नियोजन समितीकडून येतो. हे सारं एका उन्हाळ्यात होत नाही. म्हणून प्रस्ताव गेलाय का, कोणत्या टेबलावर आहे, हे दर महिन्याला विचारणारं गावात कुणीतरी हवं. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात सरकारी शाळेचं छप्पर सकाळीच कोसळलं आणि सात मुलं गेली. "अजून एक पावसाळा निघेल" हे वाक्य कुणी उच्चारलं तर त्यांना ही बातमी दाखवा.

पर्यायी जागा म्हणून समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं सभागृह, अंगणवाडीची मोकळी खोली घेता येते. किंवा उरलेल्या खोल्यांत दोन सत्रं.

पाणी आणि स्वच्छतागृहाचं काय पाहायचं?

टाकी रिकामी करून घासली का, झाकण बसतं का, नळाला पाणी येतं का. दीड महिना बंद राहिलेल्या शाळेत पाल, उंदीर, कधी सापही मुक्काम करतो. अडगळीची खोली मोठ्या माणसांनीच उघडावी. पाण्यात टीसीएल (जंतू मारणारी ब्लिचिंग पावडर) टाकायचं काम गावच्या जलसुरक्षकाचं आहे, त्याच्या यादीत शाळेची टाकी आहे याची खात्री करा.

मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह कायद्याने आवश्यक आहे. कागदावर ते जवळपास सगळीकडे असतं. दार आतून लागतं का आणि आत पाणी आहे का, हे मात्र जाऊनच पाहावं लागतं, आणि ते आयांनी पाहावं. सहावी-सातवीतली मुलगी महिन्यातले चार दिवस घरी राहते ती बऱ्याचदा या एका दारापायी.

शाळेतलं जेवण पहिल्या दिवसापासून सुरू होतं का?

हो, पहिल्याच दिवसापासून. प्रवेशोत्सवाला तर गोडधोडही होतं. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचं नाव २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असं आहे. गावात अजूनही "खिचडी"च म्हणतात. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ३० ग्रॅम आणि ७५ ग्रॅम. लहानांना ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० आणि २० ग्रॅम मिळावीत असा हिशेब.

शाळा उघडण्याआधी उरलेला तांदूळ पाहा. किडे, जाळी, ओल दिसली तर तो मुलांना शिजवायचा नाही. पंचनामा करून बदलून मागायचा. शिजलेलं अन्न मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी किंवा पालकांनी चाखून चव नोंदवहीत सही करायची असते. कोणतीही आई त्या दिवशी जाऊन चव घेऊ शकते. जमलं तर स्वयंपाकीताईंना मानधन वेळेवर मिळतं का हेही विचारा. त्या चुलीशी उभ्या राहतात म्हणून शेकडो मुलं दुपारनंतरही वर्गात थांबतात.

आमच्या शाळेत दोन वर्ग आणि एकच शिक्षक आहे. नवे गुरुजी कधी येणार?

कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. प्रत्यक्षात पदं रिकामी असतात, बदल्या सुट्टीत व्हायच्या त्या लांबतात आणि जूनमध्ये जुने गुरुजी गेले, नवे आले नाहीत असं होतं. नवी भरती पवित्र पोर्टलवरून राज्य पातळीवर होते, ती गावाच्या हातात नाही. गावाच्या हातात आहे ती पटसंख्या आणि पाठपुरावा. ३० सप्टेंबरचा पट संच मान्यतेला धरतात. त्या तारखेआधी प्रत्येक मुलाची नोंद पक्की करा. तोवर केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतून तात्पुरता शिक्षक देता येतो, तशी मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी करावी.

जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपू नये, असं कायदा सांगतो. कुठल्या कामासाठी गुरुजी किती दिवस शाळेबाहेर होते, हे समितीने नोंदवून ठेवलं तर वरती बोलायला आधार होतो.

पट वीसच्या खाली गेलाय. शाळा बंद होणार का?

वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात हजारोंनी आहेत, बहुतेक डोंगरात, पाड्यांवर, धरणांच्या काठी. २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा उभारायचा विचार पुढे आला, त्याला गावागावांतून विरोधही झाला. माझं मत स्पष्ट आहे. सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून जावं लागत असेल तर तिची शाळा सुटते, मग पलीकडची इमारत कितीही चांगली असो. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. ती नसेल तर मुलाला ये-जा करण्याचा भत्ता किंवा वाहन मिळायला हवं. शाळा वाचवायचा खात्रीचा उपाय गावकऱ्यांकडेच आहे: "गुढीपाडवा, पट वाढवा" म्हणत शिक्षक दारात येतात तेव्हा आपलं मूल त्यांच्या हाती द्यावं.

आम्ही ऊसतोडीला जातो. दिवाळीनंतर मुलाचं काय?

जूनमध्येच गुरुजींना सांगून ठेवा की कोणत्या महिन्यात जाणार आणि कोणत्या कारखान्यावर. दोन वाटा आहेत. आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे मूल ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून त्याच्या जेवणाची सोय होते. प्रस्ताव हंगामाच्या आधी जावा लागतो. सोबत न्यायचंच असेल तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेला मूल बसवून घ्यावं लागतं. परत आल्यावर नाव कमी केलंय असं सांगितलं तर मान्य करू नका.

मूल दिव्यांग आहे. गावातल्या शाळेत घेतील?

घ्यावंच लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात; त्यांची आपल्या शाळेतली भेट ठरवून घ्या. उतार, कठडा, चष्मा, श्रवणयंत्र यांची मागणी आत्ताच करा.

पाचवीत मूल नापास झालं तर?

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालेल्या मुलाची पुन्हा परीक्षा होते, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात राहतं. पण शाळेतून कुणालाही काढता येत नाही. इतर वर्गांत नापास करत नाहीत. सुट्टीत रोज अर्धा तास मोठ्याने वाचन करून घेतलं तरी फरक पडतो.

शाळा किती वाजता भरणार?

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला आहे.

मुलं शाळेत सुरक्षित आहेत का, हे कसं कळणार?

प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी. तिच्यातल्या माणसांची नावं आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा. तक्रारपेटी मुलांच्या हाताला पोचेल अशा उंचीवर आहे का पाहा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ कायद्याने बंद आहे. "गुरुजी, पोराला चांगला चोप द्या" असं आपणच म्हणणं आता थांबवलं पाहिजे.

शाळा व्यवस्थापन समितीत मला येता येईल का?

मूल त्या शाळेत शिकत असेल तर येता येईल. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, अध्यक्ष पालकच असतो आणि मुख्याध्यापक सचिव. दर दोन वर्षांनी पालकसभेत निवड होते. ही निवड घरी बसून कागदावर उरकली जात असेल तर हरकत घ्या. गणवेश, अनुदानाचा खर्च, दुरुस्ती, शाळा विकास आराखडा यांवर याच समितीचे ठराव लागतात.

ऐकून घेत नाहीत. तक्रार कुठे करायची?

आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. साध्या कागदावर तारीख, शाळेचं नाव, नेमकी अडचण आणि काय हवं ते लिहा, शक्यतो पाच-सहा पालकांच्या सह्यांनिशी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि पोच घ्या. शिक्षणहक्काविषयीच्या लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. अपिलाला ती पोच लागते, म्हणून ती जपून ठेवा.